ड्युटी मागणारी बाई

निवडणूक हा लोकशाहीचा उत्सव आहे आणि या उत्सवात सेवा करायला मिळणं हे प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याचं भाग्य आहे. हे वाक्य प्रशिक्षणाच्या पहिल्याच स्लाइडवर असतं. ती स्लाइड पडद्यावर असते तेव्हा मागच्या तीन रांगांमधले भाग्यवान आपापल्या मूतखड्याची सोनोग्राफी सूट मागण्याच्या अर्जाला टाचत असतात.

लातूर जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यात हे घडलं त्याचं नाव सांगून तिथल्या लोकांशी संबंध बिघडवण्यात अर्थ नाही. एवढंच सांगायचं की आचारसंहिता लागली की त्या तालुक्याची तब्येत ढासळायची. पाठीचे मणके सरकायचे, शुगर चढायची, आणि एका गुरुजींच्या सासऱ्यांना तर सलग तीन निवडणुकांत हार्ट अटॅक आला. मतमोजणी झाली की ते बरे होत आणि जावयाकडे मटण खायला येत. तहसीलच्या निवडणूक शाखेत बावीस वर्षं बसलेल्या व्यंकट या अव्वल कारकुनानं हे सगळं पाहिलेलं होतं. त्याला आता कशाचाच धक्का बसत नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

त्याच्यासमोर एका सोमवारी बुद्धप्रिया सोनकांबळे उभी राहिली. कोरेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवरची शिक्षिका, वय त्रेचाळीस. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. पायात कॅलिपर, काखेत एक कुबडी, खाली आवारात बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटी. व्यंकटनं तिला न बघता अर्ज घेतला आणि सूट मागणाऱ्या अर्जांच्या ढिगाऱ्यावर टाकला.

"मॅडम, उगं कशाला आलात. तुमची सूट आपोआप लागती. दिव्यांगाला अर्ज करायची गरजच न्हाई."

"सूट नको आहे मला," ती म्हणाली. "ड्युटी पाहिजे."

व्यंकटनं पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ढिगाऱ्यावरून अर्ज उचलून शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचला. वाचून झाल्यावर त्यानं शिपायाला हाक मारली आणि मॅडम काय म्हणतात ते ऐक म्हणून सांगितलं, कारण उद्या कुणाचा विश्वास बसला नाही तर साक्षीदार असावा. शिपायानं ऐकलं आणि तो पाणी आणायला गेला. तालुक्यात कुणाला भोवळ येईल असं वाटलं की पाणी आणायची पद्धत आहे. पाणी व्यंकटसाठी होतं.

पाणी पिऊन व्यंकटनं आवाज खाली आणून विचारलं की मॅडमचं घरी काही बिनसलंय का. मग विचारलं की कोणत्या पार्टीकडून कुणी काही सांगितलंय का. दोन्हीला 'नाही' आल्यावर त्याच्याजवळचे प्रश्न संपले. धडधाकट माणूस ड्युटी टाळतो आणि लंगडी बाई ड्युटी मागते, याचा तिसरा अर्थ त्याच्या बावीस वर्षांत कुठे बसत नव्हता.

अर्थ तसा सरळ होता. महिन्याभरापूर्वी कोरेवाडीचे मुख्याध्यापक आप्पासाहेब दोन महिन्यांच्या रजेवर जाणार होते आणि शाळेचा पदभार कुणाकडे द्यायचा हा विषय निघाला. ज्येष्ठतेनं तो बुद्धप्रियाकडे यायचा. तो तिच्यापेक्षा आठ वर्षांनी कनिष्ठ गुरुजींकडे गेला. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे मायेनं बोलले, आणि तेच जास्त लागलं. आप्पासाहेब म्हणाले, "मॅडम, साधी इलेक्शन ड्युटीसुद्धा तुम्हाला सरकार देत न्हाई. पदभार कसा झेपायचा? आम्हाला तुमची काळजी हाय."

चौदा वर्षं हे चाललं होतं. प्रत्येक निवडणुकीनंतर सहा-सहा महिने शाळेत त्याच गोष्टी चालायच्या: कुठे डासांनी फोडून काढलं, कुठे मशीन बंद पडलं, कुठे सरपंचानं भाकरी-पिठलं पाठवलं. लढाईवरून आलेल्या शिपायांसारखे सगळे बोलायचे आणि बुद्धप्रिया हजेरीपट भरायची. तिला डासांची हौस नव्हती. 'झेपायचं नाही' हे दोन शब्द आपल्या नावापुढून एकदा पुसले जावेत, आपल्याला इतरांसारखं धरावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

घरी आई पंचफुलाबाईंनी ऐकलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "लोक ड्युटी नगं म्हणून पाया पडायलेत," त्या म्हणाल्या, "अन् तू पाया पडून मागायलीस. डोकं ठिकाणावर हाय का?" मग पुन्हा लसूण सोलायला घेत, निवडणुकीत जेवणाचा डबा न्यावा लागतो का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे परवानगी मिळाली.

नायब तहसीलदारांनी तिला बोलावून समजावलं. रात्री शाळेत मुक्काम असतो, संडास लांब असतो, गर्दी असते, मॅडम कुठे पडल्याबिडल्या तर जबाबदारी कुणाची. बुद्धप्रियानं शांतपणे विचारलं की मागच्या निवडणुकीत या तालुक्यातले दोन केंद्राध्यक्ष मुक्कामाच्या रात्री पडले होते, त्यांना पोलिओ होता का. नायब तहसीलदारांनी फाइल बंद केली. त्या दोघांना पोलिओ नव्हता. त्यांची गावानं पिण्याची चांगली आणि सढळ सोय केली होती.

अर्ज तसाच पडून राहिला असता, पण त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. प्रत्येक मतदारसंघात एक मतदान केंद्र असं पाहिजे, की जे पूर्णपणे दिव्यांग कर्मचारीच चालवतील. केंद्रावर फुगे लावावेत, फोटो पाठवावेत. पत्र वाचून निवडणूक शाखेत शोककळा पसरली, आणि मग व्यंकटला त्या अर्जाची आठवण झाली. कालपर्यंत डोक्यावर परिणाम झालेली बाई एका दिवसात तालुक्याचं भूषण झाली. तहसीलदारांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि तो कपबशीत आला.

बुद्धप्रियाला खरं तर फुगे नको होते. तिला साधं केंद्र पाहिजे होतं, जसं इतरांना मिळतं. पण हातात आलेला आदेश परत करण्याइतकी ती भाबडी नव्हती. हिप्परगेवाडी, केंद्र क्रमांक एकशे सत्तेचाळीस, मतदान केंद्राध्यक्ष: श्रीमती सोनकांबळे बी. जी. तिनं तो कागद लॅमिनेट करून घेतला.

बाकीचे तीन मतदान अधिकारी दिव्यांग शिक्षकांच्या यादीतून निवडले गेले. पहिला रविकांत, अल्पदृष्टी, पन्नास टक्के. दुसरा संगमेश बिरादार, कर्णबधिर, अठ्ठेचाळीस टक्के. तिसरा आदिनाथ, उजवा हात अधू, पंचेचाळीस टक्के. यांतलं संगमेशचं नाव तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या बदल्यांत लातूरच्या बायपासजवळची शाळा तिनं पहिल्या पसंतीला टाकली होती. घरापासून दोन किलोमीटर. दिव्यांगांच्या त्याच यादीतून ती शाळा संगमेशला गेली, आणि ती रोज सव्वीस किलोमीटर जाऊन सव्वीस किलोमीटर परत येत राहिली. तेव्हा तिनं मनाची समजूत घातली होती की जाऊ दे, त्या माणसाला ऐकू येत नाही, रस्त्यावर मागून येणारा ट्रक त्याला कळणार कसा? त्याला जवळचीच शाळा पाहिजे.

तिनं तयारीही तशीच केली. केंद्राध्यक्षांची पुस्तिका तीनदा वाचली. रविकांतसाठी कामाचे टप्पे मोठ्या अक्षरांत छापून आणले. संगमेशसाठी मोबाइलवर बघून खाणाखुणांच्या भाषेतल्या अठरा खुणा शिकली: थांबा, पुढचा, शाई, सही, मशीन. पंधरा दिवस ती आईसमोर हातवारे करत होती आणि आई शेजारणीला सांगत होती की पोरीला ड्युटीचं टेन्शन आलंय.

साहित्य वाटपाच्या दिवशी तालुक्याच्या मैदानात मांडवाखाली तिची टीम भेटली. रविकांत काळा चष्मा लावून होता. आदिनाथनं उजवा हात खिशात घातला होता. संगमेशसमोर उभं राहून बुद्धप्रियानं खुणांच्या भाषेत स्वच्छ नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं. संगमेशनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यानं घाबरून दोन्ही हात हवेत हलवले आणि अंगठा दाखवला. बुद्धप्रियाला वाटलं, बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नसेल. तिला वाईटसुद्धा वाटलं.

एसटी निघाली. मशीनच्या पेट्या पायांशी, खिडकीतून सोयाबीनची काढलेली रानं. चाकूरकडचा फाटा मागे पडला आणि संगमेशच्या खिशात मोबाइल वाजला. त्यानं सवयीनं काढला, कानाला लावला.

"हाव, बोल की. न्हाई, गाडीत हाय. अबे, वरडू नको ना, हळू बोललास तरी ऐकू यायलंय मला."

एवढं बोलून त्याची नजर समोर गेली. समोरच्या सीटवर त्याची केंद्राध्यक्षा बसली होती आणि तिचे हात मांडीवर जागच्या जागी थिजले होते. कुठल्या तरी खुणेच्या मध्यावर.

धक्का बसला की माणूस ओरडतो असं म्हणतात. बुद्धप्रियाच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिच्या डोळ्यांसमोरून तीन वर्षं सरकली: पावसातला निसरडा रस्ता, पंक्चर झालेली स्कूटी, कॅलिपरच्या पट्ट्याखाली सोललेली मांडी, आणि दर वेळी मनाशी म्हटलेलं, जाऊ दे, त्याला ऐकू येत नाही. संगमेशनं फोन हळूच कानावरून काढला आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं खिशात टाकला. जणू तसं केल्यानं तो वाजलाच नव्हता.

हिप्परगेवाडीला उतरताना बाकीचंही उलगडलं. वरची पेटी निघेना तेव्हा आदिनाथनं खिशातला उजवा हात काढला, पेटी एका हातानं ओढली आणि डोक्यावर घेऊन शाळेपर्यंत चालत गेला. शाळेच्या पायरीशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात पुन्हा खिशात घातला. शाळेला उतार केलेला होता. त्यावर गावच्या कोतवालानं, नरसिंगनं, दोन शेळ्या बांधल्या होत्या. शेळ्या सोडून बुद्धप्रिया वर चढली आणि वर्गाच्या दारात खुर्ची ओढून बसली.

केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या झोनल अधिकाऱ्याचा नंबर तिच्या वहीत पहिल्याच पानावर होता. एक फोन केला असता तर तिघांची प्रमाणपत्रं उघडी पडली असती. पण मग केंद्रावर राखीव माणसं आली असती, फुगे उतरले असते आणि पाच-सहा तासांत तालुकाभर बातमी गेली असती की दिव्यांगांचं केंद्र एक रात्रसुद्धा टिकलं नाही. तीन धडधाकट माणसांच्या खोटेपणाचा शेरा तिच्या पायावर पडला असता. तिनं वही मिटली.

संध्याकाळी संगमेश स्वतः चहा घेऊन आला. मागे दोघं उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

"मॅडम, एका कानाला थोडं हाय बघा खरंच," संगमेश म्हणाला.

"कोणत्या?"

संगमेशनं उजव्या कानाला हात लावला. मग डाव्या.

रविकांतनं मध्ये पडून सांगितलं की आजकाल असंच चालतं, बदल्यांसाठी सगळेच प्रमाणपत्र काढून घ्यायलेत, प्रामाणिक राहून जवळची शाळा मिळती का. बोलता बोलता तो थांबला, कारण बुद्धप्रिया त्याच्याकडे नाही, संगमेशकडे बघत होती.

"मी रोज बावन्न किलोमीटर करते, सर," ती म्हणाली. "तुमच्या शाळेपासून माझं घर दोन किलोमीटर आहे."

संगमेश इतका गप्प बसला, की त्या क्षणी त्याला खरोखरच ऐकू आलं नसावं असं कुणालाही वाटलं असतं. तशा अवस्थेत त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला दाखवला असता तर टक्केवारी वाढली असती.

मग दुसरा धक्का बसला, आणि तो पहिल्यापेक्षा कामाचा होता. प्रमाणपत्रामुळे या तिघांनाही आजवर कधी ड्युटी लागली नव्हती. प्रशिक्षणात ते मागच्या रांगेत होते. मतदान कसं घ्यायचं, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. उद्या सकाळी सात वाजता नऊशे अकरा मतदार येणार होते, आणि तालुका ज्याला दिव्यांगांचं केंद्र म्हणत होता त्यात काम येणारी एकच व्यक्ती होती.

बुद्धप्रियानं उसासा टाकला नाही. तिनं फळ्यावर खडूनं चौकोन काढले आणि चौथीच्या वर्गाला शिकवतात तसं शिकवलं. पहिल्यानं नाव शोधायचं आणि मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं सही घ्यायची, शाई लावायची. तिसऱ्यानं बटण दाबायचं. मग तिनं तिघांना उभं करून प्रश्न विचारले. आदिनाथ दोनदा चुकला. तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

सकाळी साडेपाचला उमेदवारांचे दोन प्रतिनिधी आले आणि अभिरूप मतदान सुरू झालं. खऱ्या मतदानाआधी मशीन नीट चालतं का, हे दाखवायला पन्नास खोटी मतं टाकायची असतात. ती मोजायची, मग पुसायची, म्हणजे मशीन शून्यावर येतं. तालुक्यातल्या प्रत्येक निवडणुकीत एक तरी केंद्र ही पुसायची पायरी विसरतं आणि मग त्या केंद्राचं नाव वर्षभर लग्नकार्यात निघतं. पन्नास मतं टाकली, मोजली, प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. मशीननं छापलेल्या मतांच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात गेल्या. आदिनाथनं मशीनवर सीलची पट्टी चिकटवायला घेतली. सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"थांबा," बुद्धप्रिया म्हणाली. "एकूण मतं दाखवा आधी."

आदिनाथनं बटण दाबलं आणि मशीनवर वाकून बघायच्या आतच, दरवाजाजवळ यादी घेऊन उभा असलेला रविकांत म्हणाला, "पन्नास."

 दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या होत्या. मशीनमध्ये पन्नास खोटी मतं तशीच होती, आणि अल्पदृष्टी अधिकाऱ्यानं बारा फुटांवरून मशीनवरचा आकडा काळ्या चष्म्यातून वाचला होता. पहिल्या गोष्टीकडे बघायचं की दुसऱ्या, हे दोन्ही प्रतिनिधींना ठरवता येईना.  आदिनाथचा अधू हात थरथरायला लागला, आणि त्या दोन दिवसांत तो पहिल्यांदाच पटण्यासारखा दिसला.

बुद्धप्रिया कुबडीवर भार टाकून मशीनपाशी गेली. "पुसायचं बटण. दाबा. आता एकूण." शून्य आलं. तिनं ते प्रतिनिधींना दाखवलं, दोघांच्या सह्या पुन्हा घेतल्या, आणि मग पट्टी चिकटवली. सात वाजून एक मिनिटानं पहिला मतदार आत आला. त्या आठ मिनिटांत ते पुसायचं राहिलं असतं तर त्या संध्याकाळी तालुक्यानं ठरवलं असतं की अपंगांना हे झेपत नाही.

दिवसभर एक गोष्ट नियमानं घडत राहिली. आत येणारा प्रत्येक जण आदिनाथला साहेब म्हणायचा. आदिनाथ उंच होता, मिशा होत्या. बुद्धप्रियाच्या टेबलासमोरून जाताना लोक आवाज हळू करायचे, आजारी माणसाच्या खाटेजवळून जावं तसं. एका तरुणानं तिला पाणी पाहिजे का विचारलं, आणि तक्रार मात्र आदिनाथकडे केली. आदिनाथनं तोंड न उघडता बोट तिच्याकडे केलं. तेवढं तो शिकला होता.

अकराच्या सुमाराला साखराबाई आल्या. वय पंच्याऐंशी, काठी टेकत. दारावरचा फुग्यांचा फलक कुणीतरी त्यांना वाचून दाखवला होता. त्यांनी आत येऊन चौघांना एकेक करून नीट बघितलं, बाजारात बैल बघतात तसं.

"तू साहेब हायस व्हय?" त्यांनी बुद्धप्रियाला विचारलं.

"हो, आजी."

"बरं केलंस. मग ह्या तिघांला काय झालंय?"

रांगेतले लोक ऐकत होते. संगमेश शाईच्या बाटलीत बघत राहिला.

"तपासणी चालू आहे, आजी," बुद्धप्रिया म्हणाली. "बोट पुढं करा."

दुपारी तहसीलदार आले. सोबत लातूरचा एक वार्ताहर आणि त्याच्यासोबत फोटोवाला. फुगे दुपारच्या उन्हात निम्मे फुटले होते, तेवढे नवे लावले गेले. चौघांना ओळीत उभं केलं. वार्ताहरानं वही काढून संगमेशला मोठ्या आवाजात विचारलं की त्यांनी अपंगत्वावर मात कशी केली. संगमेशनं केविलवाणं होऊन बुद्धप्रियाकडे बघितलं. मदत मागणारी ती नजर बघून तिच्या आतलं काहीतरी, एसटीतून उतरल्यापासून आवरून धरलेलं, सुटलं.

"साहेब," ती तहसीलदारांना म्हणाली, आवाज न चढवता, "या केंद्रावर दिव्यांग मी एकटी आहे. हे तिघं धडधाकट आहेत."

मशीनचा बीप ऐकू आला. कुणाचं तरी मत पडलं होतं. आदिनाथचा हात खिशात जाता जाता वाटेतच थांबला. रविकांतनं काळा चष्मा काढला आणि पुन्हा लावला. संगमेशचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग घाईघाईनं त्यानं कानामागे हात धरला, ऐकू न आल्यासारखा. पण चेहरा आधी पडला होता, आणि त्यासाठी ऐकू यावं लागतं.

तहसीलदारांनी तिघांना बघितलं. मग फलकाला बघितलं. मग फोटोवाल्याला बघितलं. त्यांच्या डोक्यात वर गेलेला अहवाल, वरून आलेलं पत्र आणि यादीवरची आपली सही हे तीनही कागद एका ओळीत उभे राहिले असावेत. ते हसले.

"काय जिद्द हाय बघा मॅडमची," ते वार्ताहराला म्हणाले. "स्वतःला सोडून कुणालाच अपंग समजत न्हाईत त्या."

वार्ताहरानं ते लिहून घेतलं.  बुद्धप्रियाला खरा धक्का त्या वेळी बसला. एसटीत बसलेला त्यापुढे काहीच नव्हता. खरं बोलून ते ऐकलंही गेलं होतं, फक्त ते खरं धरणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चौघांचा फोटो आला. खाली मथळा होता, 'अपंगत्वावर मात, लोकशाहीला साथ'. चौकटीत तिचं वाक्य ठळक अक्षरांत: "आम्ही स्वतःला धडधाकटच समजतो." पंचफुलाबाईंनी तो कागद जिवापाड जपलेल्या बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टाचला. आप्पासाहेबांनी फोन करून अभिनंदन केलं आणि विचारलं, दगदग फार नाही ना झाली.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाला मतदान संपलं होतं तेव्हा रजिस्टरमध्ये पाचशे अठ्ठ्याऐंशी सह्या होत्या आणि मशीनमध्ये पाचशे अठ्ठ्याऐंशी मतं. साहित्य जमा करायच्या रांगेत इतर केंद्रांचे अनुभवी लोक हिशेब जुळेना म्हणून घामाघूम बसले होते. तिचे कागद सतरा मिनिटांत जमा झाले. व्यंकटनं पावती देताना तिला आपादमस्तक न्याहाळलं.

बातमीचा परिणाम मात्र झाला, आणि तो कुणाला अपेक्षित नव्हता. दिव्यांग कर्मचारी इतकं उत्तम केंद्र चालवतात म्हटल्यावर वरून विचारणा झाली, की मग या तालुक्यात त्यांना सरसकट सूट कशाला? तहसीलदारांना हो म्हणावं लागलं. पुढच्या निवडणुकीत प्रमाणपत्र दाखवलं की सूट मिळणं बंद झालं. ज्याला सूट पाहिजे त्यानं डॉक्टरसमोर स्वतः उभं राहायचं होतं. डॉक्टरसमोर उभं राहण्यापेक्षा मतदान केंद्रावर बसलेलं बरं, असं पुष्कळांना वाटलं. तालुक्यात ऐकू न येणारे, न दिसणारे आणि हात न हलणारे लोक रांगेनं ड्युटी घ्यायला आले. त्यांच्यात संगमेश होता. त्यानं बुद्धप्रियाला बघून मान खाली घातली. तिला त्याच्याविषयी आता काहीच वाटलं नाही, आणि तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

तिलाही आदेश आला. केंद्र क्रमांक बासष्ट, साधं. फुगे नाहीत, फलक नाही, टक्केवारी नाही. पोस्टमननं तो कोरेवाडीच्या शाळेत इतरांच्या आदेशांच्या गठ्ठ्यातच टाकला होता. तिनं तो दोनदा वाचला. मग तारीख बघितली.

त्या तारखेला भाची ऋतुजाचं लग्न होतं, मुदखेडला. बुद्धप्रिया तहसीलला गेली आणि निवडणूक शाखेत जन्मात पहिल्यांदाच सूट मिळण्याचा अर्ज दिला. कारण लिहिलं: घरचं कार्य. व्यंकटनं अर्ज न वाचता ढिगाऱ्यावर टाकला आणि पुढच्या माणसाकडे हात केला. पायाबद्दल त्यानं विचारलं नाही, पाणीही मागवलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेरा आला: कारण सबळ नाही, हजर राहावे.

लग्न मुदखेडला झालं. ती नव्हती.